आधी गाव, मग आग
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला तेव्हा 'टेलिफोन खात्यातील आठवणी' असा विषय सुचवला होता. आठवणींना तोटा नाही. पण नुसत्या आठवणी ऐकून घरी जाताना पदरात काही पडत नाही, म्हणून मी विषय थोडा फिरवून मागून घेतला. घरात आग लागली, कुणी विहिरीत पडले, रस्त्यावर गाडी उलटली, की आपण फोन करतो. तो फोन जिथे वाजतो तिथे बसलेला माणूस पुढे काय करतो, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असते. आपण इकडून ओरडतो, तिकडून प्रश्न येतात, आपल्याला राग येतो, आणि त्या दोन मिनिटांत पुष्कळ काही होऊन जाते. त्या दोन मिनिटांविषयी मी आज बोलणार आहे.

आगीची जी खबर दिली जाते तिला अग्निशामक दलात 'वर्दी' म्हणतात. शब्द चांगला आहे. खबर कुणीही कुणालाही देते. वर्दी मात्र जबाबदारीने द्यायची असते.

मी नोकरीला लागले तेव्हा तालुक्याच्या गावी हाताने जोडणी करण्याचे एक्स्चेंज होते. समोर उभा बोर्ड, त्यावर प्रत्येक ग्राहकाच्या नावाचे एक भोक आणि वर छोटेसे झाकण. ग्राहकाने हँडल फिरवले की झाकण पडायचे, आणि आम्ही त्या भोकात पिन खुपसून 'नंबर?' म्हणून विचारायचो. आगीच्या वर्दीला मात्र नंबर विचारण्याची वेळ येत नसे. एखाद्या जिनिंगचे झाकण भर दुपारी पडले आणि पलीकडून धाप लागल्याचा आवाज आला, की नगरपालिकेची पिन आम्ही आधीच हातात घेत असू. बोलणारा शेठजी आहे की दिवाणजी, हे आवाजावरून कळे. कुणी घाबरून नुसते 'पेटलं हो पेटलं' म्हणाला, तरी कुठे पेटले ते आम्हांला माहीत असायचे.

हे ऐकून जुने दिवस फार छान होते असे कुणी समजू नये. फोन होते ते बाजारपेठेत आणि वाड्यांत. खेड्यातला गोठा पेटला तर वर्दी सायकलवर बसून यायची, आणि ती येईपर्यंत गोठ्याची राख झालेली असायची. आज प्रत्येक घरात फोन आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याबरोबर एक बदल झाला आहे तो आपण ध्यानात घेतलेला नाही. फोन उचलणारा माणूस आता आपल्याला ओळखत नाही.

तुम्ही ११२ लावता. महाराष्ट्रात हा क्रमांक २०२१ पासून चालू आहे. तुम्हांला वाटते की फोन चिखलीच्या पोलीस ठाण्यात वाजला. तो तिथे वाजत नाही. तो जातो नवी मुंबईच्या केंद्रात, किंवा नागपूरच्या. तिथली मुलगी किंवा मुलगा तुमचे बोलणे ऐकून संगणकावर टिपून घेते, आणि ते टिपण बुलढाण्याच्या जिल्हा नियंत्रण कक्षाकडे पाठवते. बुलढाण्याच्या कक्षात बसलेल्या माणसासमोर नकाशा असतो, कोणती गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसते, आणि तो जवळची गाडी रवाना करतो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. तिचा फोन पुण्याला, औंधच्या केंद्रात जातो. आगीचा जुना क्रमांक १०१. पण आपल्याकडे बंब असतात नगरपालिकांचे, आणि जिल्ह्याचे तालुके तेरा. तेव्हा आपल्या जवळच्या नगरपालिकेच्या अग्निशामक केंद्राचा थेट क्रमांक विचारून भिंतीवर लिहून ठेवणे केव्हाही बरे.

म्हणजे पाहा, पूर्वी पिन माझ्या हातात होती आणि आग मला दिसल्यासारखी होती. आता चारशे किलोमीटरहून दूर बसलेल्या एका अनोळखी मुलीला तुमची आग दाखवायची आहे, आणि तीही नुसत्या शब्दांनी.

फोन जिथे वाजतो तिथली व्यवस्था किती महत्त्वाची आहे, हे जगाला ज्या घटनेने शिकवले तीत पाच बायकांचा जीव गेला होता. लंडनमध्ये विंपोल स्ट्रीट नावाचा डॉक्टर लोकांच्या वस्तीचा रस्ता आहे. १० नोव्हेंबर १९३५ रोजी तिथल्या एका डॉक्टरच्या घराला आग लागली. समोरच्या घरातल्या गृहस्थाने लगेच एक्स्चेंजला फोन लावला. पण तिकडे बोर्डावर फोनांची रांग लागलेली. हा फोन आगीचा आहे आणि बाकीचे गप्पांचे, हे ऑपरेटरला कळायला मार्गच नव्हता. ते गृहस्थ कानाला फोन लावून ताटकळत राहिले. त्यांनी पुढे 'टाइम्स'ला पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा वेगळा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये घंटी वाजे आणि तांबडा दिवा लागे, म्हणजे ऑपरेटरने हातातले सोडून तो आधी घ्यावा. बोर्डावर बसलेल्या कुणालाही ह्या गोष्टीतला जीव कळेल. शंभर झाकणे पडलेली असताना कोणते आधी उचलायचे, ह्याची धास्ती आम्ही रोज घेतलेली आहे. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन अलाबामातल्या हेलीव्हिल गावी १६ फेब्रुवारी १९६८ ला झाला. आपल्या देशात सगळ्यांना मिळून एक क्रमांक यायला २०१८ उजाडले. पहिला मान हिमाचल प्रदेशाचा.

असो. आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ.

फोन उचलणारी पहिल्यांदा विचारते, 'कुठून बोलता?' आणि इथेच आपली गाडी अडते. आपण म्हणतो, 'चिखलीहून.' आपल्या दृष्टीने जगात चिखली एकच. पण पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडमध्ये केवढी तरी मोठी चिखली आहे, आणि नवी मुंबईच्या मुलीला तीच आधी आठवली तर तिचा काय दोष? मलकापूर म्हणाल, तर एक कराडजवळ आहे, एक कोल्हापूरकडे शाहूवाडीत. शेगाव चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. जळगाव म्हणाल, तर जामोद हा शब्द जोडायला विसरलात की वर्दी खानदेशात गेलीच म्हणून समजा.

हे झाले बाहेरचे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पाहा. पिंपळगाव काळे जळगाव जामोद तालुक्यात, पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव देवी मोताळ्यात, आणि सैलानीबाबांच्या वाटेवरचे पिंपळगाव सराई बुलढाणा तालुक्यात. आपण तिथे राहणारी माणसे शेपूट गाळून नुसते 'पिंपळगाव' म्हणतो. देऊळगावाचेही तसेच आहे. देऊळगाव राजा, देऊळगाव मही, मेहकरकडचे देऊळगाव साकर्शा, आणि आपल्या तालुक्यातले देऊळगाव घुबे. एका देऊळगावाहून दुसऱ्या देऊळगावाला बंब वळवायचा म्हणजे किती वेळ जातो, त्याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून माझे सांगणे असे, की आधी जिल्हा, मग तालुका, मग गावाचे पूर्ण नाव, आणि मग आगीची गोष्ट. फोन मध्येच तुटला तरी गाव पोहोचलेले असते. गाव कळले तर काय जळते आहे ते गाडी तिथे जाऊन पाहील. पण काय जळते आहे ते कळले आणि गाव कळले नाही, तर कुणालाही काही करता येत नाही.

फोन केला की आपले ठिकाण त्यांना आपोआप दिसते, असे हल्लीची मुले म्हणतात. ते काही अंशी खरे आहे. चांगला फोन असेल आणि त्यातली जागा दाखवण्याची सोय चालू असेल, तर काही मीटरांपर्यंत जागा कळते. पण नुसत्या टॉवरवरून अंदाज बांधायचा झाला, तर रानावनात तो अंदाज काही किलोमीटरांनी चुकू शकतो. तेवढ्या टापूत आपल्याकडे तीन-चार गावे बसतात.

आणखी एक अडचण आहे, ती केवळ आपली बायकांची. आपल्याला आपला पत्ता येत नाही. रागावू नका, पण घराघरांत मी विचारून पाहिले आहे. 'कुठे राहता?' तर 'रेणुकामातेच्या देवळामागे, आमच्या मामंजींच्या नावावर विचारा, कुणीही सांगेल.' गावातला कुणीही सांगेल, पण फोनवरची मुलगी गावातली नाही. शेतात राहणारीला गट नंबर ठाऊक नसतो, कारण सातबारा कपाटात आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. वॉर्ड कोणता, रस्ता कोणता, डीपी कोणती, हे सगळे पुरुषांनी बाहेर बोलायचे विषय. पण दुपारी बारा वाजता चूल भडकते तेव्हा घरात कोण असते? आपणच असतो. म्हणून पत्ता आपल्याला पाठ हवा. शेतात विजेच्या खांबावर किंवा डीपीवर बहुधा क्रमांक रंगवलेला असतो. तो एकदा पाहून लिहून ठेवावा. हमरस्ता जवळ असेल तर किलोमीटरचा दगड पाहून ठेवावा. शाळा आणि ग्रामपंचायत ह्या दोन खुणा बाहेरच्या माणसाला सापडतात. मारुतीचा पार सापडत नाही, कारण पार प्रत्येक गावात आहे.

आता दुसरी गोष्ट, प्रश्नांची. माझी एक भाची अशा नियंत्रण कक्षात फोनवर बसत असे. ती म्हणायची, 'मावशी, लोक सगळ्यांत जास्त एकच वाक्य बोलतात, प्रश्न काय विचारता, आधी गाडी पाठवा!' ओरडणारीला वाटते की प्रश्न संपल्याशिवाय गाडी सुटणार नाही. तसे नसते. एकदा जागा आणि प्रकार कळला की टिपण पुढे गेलेले असते, दुसरा माणूस गाडीला उठवत असतो, आणि प्रश्न चाललेले असतात ते त्या गाडीतल्या माणसांसाठी. आत माणसे अडकली आहेत का? किती? वरच्या मजल्यावर की खाली? गॅसची टाकी आहे का? विजेची तार तुटून पडली आहे का? बंब जाईल एवढा रस्ता रुंद आहे का? वाऱ्याचे तोंड कुणीकडे आहे? प्रत्येक प्रश्नामागे एक काम असते. तार तुटली असेल तर तो माणूस तिकडून महावितरणला कळवून पुरवठा बंद करायला लावतो, कारण जिवंत तारेजवळ पाण्याचा मारा करता येत नाही. गल्ली अरुंद असेल तर लहान गाडी काढतात. भाजलेले माणूस असेल तर रुग्णवाहिकेला सोबतच निरोप जातो.

ती भाची सांगे की बोलणारी फारच गोंधळलेली असली, तर तिला गप्प बसा म्हणून उपयोग नाही. एकच वाक्य त्याच सुरात पुन्हा पुन्हा म्हणायचे, 'ताई, गावाचे नाव सांगा, म्हणजे मी गाडी पाठवते.' तिसऱ्या-चौथ्या वेळेला ते कानात शिरते. मग तिला काहीतरी काम द्यायचे. रेग्युलेटर बंद करा. मुलांना बाहेर काढा. दार ओढून घ्या. हाताला काम मिळाले की मन ठिकाणावर येते, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. लग्नघरात रडणाऱ्या बाईला आपण वांगी चिरायला बसवतो ते काय उगीच?

फोनवरून ज्या सूचना मिळतात त्या साध्या असतात, पण ऐनवेळी सुचत नाहीत. घर सोडा, दागिन्यांसाठी परत आत जाऊ नका. जळत्या खोलीचे दार उघडून पाहू नका, वारा आत गेला की भडका उठतो. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी मुळीच टाकायचे नाही. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचे. लुगड्याने पेट घेतला तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडायचे; शाई, हळद, टूथपेस्ट काही लावायचे नाही. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही, खिडक्या उघडून बाहेर जायचे आणि बाहेरून फोन करायचा. गॅसगळतीसाठी १९०६ हा वेगळा क्रमांक आहे, तो स्वयंपाकघराच्या दारावरच लिहावा.

वर्दी दिल्यावर फोन ठेवून आपण काय करतो? माहेरी फोन करतो, दिराला करतो, वहिनीला करतो. इकडे गाडीवाला फाट्यावर उभा राहून रस्ता विचारायला फोन लावतोय आणि आपला फोन लागत नाही. हे फार होते. वर्दी ज्या फोनवरून दिली तो मोकळा ठेवायचा, आणि एखाद्या पोराला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करायचे. आपल्या खेड्यांना बंब यायला वीस-पंचवीस किलोमीटर अंतर तोडावे लागते. शेवटच्या फर्लांगात त्याने चुकू नये.

आता जे सांगते ते सांगताना जड वाटते, पण आपल्या जिल्ह्यात उभे राहून आगीविषयी बोलायचे आणि ते टाळायचे, हे बरे नव्हे. १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात, उलटली. दाराची बाजूच खाली आली, त्यामुळे दार दबले. डिझेलने पेट घेतला. बसमध्ये ३३ माणसे होती. काच फोडून जी बाहेर पडू शकली ती धरून आठ वाचली, पंचवीस गेली. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला चोवीस जणांवर एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले, कारण कोण कोणाचे हे ओळखता येत नव्हते. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची मुले त्याच मार्गाने पुण्याला जातात-येतात. त्या रात्रीनंतर मुलगा बसमध्ये बसला की आपण झोपत नाही.

दोष कुणाचा, हा माझा विषय नाही. मला त्या रस्त्याविषयी बोलायचे आहे. हा महामार्ग गावांतून जात नाही, गावांच्या डोक्यावरून जातो. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, चढायला-उतरायला ठरावीक जागाच आहेत. खालच्या गावातून आग डोळ्यांनी दिसते, पण बंब सरळ वर चढवता येत नाही. आणि चुकीच्या बाजूला चढला तर मधला दुभाजक ओलांडता येत नाही. म्हणून अशा रस्त्यावरून वर्दी देताना गावाच्या नावापेक्षा दोन गोष्टी मोलाच्या असतात. किलोमीटरचा आकडा कोणता, आणि गाडी नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला आहे की मुंबईहून नागपूरकडे येणाऱ्या. पिंपळखुटा ह्या नावाची गावे विदर्भात आणखीही आहेत. बसने प्रवास करताना खिडकीशी बसलेल्या बाईने अधूनमधून तो आकडा पाहत जावे, एवढे मी माझ्या सुनेलाही सांगून ठेवले आहे. त्याबरोबर बसमध्ये चढल्या चढल्या संकटकाळचा दरवाजा आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे तेही पाहावे. नसेल तर चालकाला मोठ्याने विचारावे. लाजू नये.

बाहेर पडलेल्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केले, पण त्या थांबल्या नाहीत, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. रात्रीचे थांबायची भीती वाटते, हे मी समजू शकते. पण पुढे जाता जाता फोन करता येतो. लोकांना दोन शंका असतात. एक, 'दुसऱ्या कुणी केला असेलच.' असे प्रत्येकाला वाटले तर कुणीच करत नाही. आणि दोघांनी केला तरी बिघडत नाही. तिकडचा माणूस दोन्ही वर्द्या एकत्र करतो आणि दुसऱ्याकडून त्याला काही नवे कळते. दुसरी शंका कोर्टकचेरीची. अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. मदत करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.

काय जळते आहे, ह्या प्रश्नावरून मला कापसाची गोष्ट सांगायची आहे, कारण आपला मुलूख कापसाचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट उभी होती. तिच्यात कापसाच्या गाठी होत्या आणि युद्धाचा दारूगोळाही होता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि गाठीच्या पोटात धुमसत राहते, हे जिनिंगमध्ये काम केलेल्या बाईला सांगायला नको. चार वाजून गेल्यावर बोटीचा स्फोट झाला, मागून दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. तेव्हा गोदामात, गोठ्यात, माळ्यावर काय काय आहे ते वर्दीतच सांगावे. कापूस आहे, सोयाबीनचे कुटार आहे, फवारणीच्या औषधाचे डबे आहेत, डिझेलचा कॅन आहे. औषधाचे डबे जळत असतील तर त्या धुरात उभे राहणारे जवान कुणाची तरी मुले आहेत.

आणि मुलीही आहेत. अग्निशामक अधिकाऱ्यांचे राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपूरलाच १९५७ पासून आहे. तिथे २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर ही नागपूरची मुलगी पहिली विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. तोवर त्या आवारात मुलगी शिकायला आलीच नव्हती. मंडळात ज्यांच्या मुली बारावीला आहेत त्यांनी हे घरी सांगावे.

विहिरीबद्दल थोडक्यात. माणूस विहिरीत पडले, तर नियंत्रण कक्षातून पहिली सूचना येते ती मोटार बंद करण्याची, कारण ओलीत वीज उतरलेली असू शकते. दुसरी, पोहता येत नसलेल्याने मागोमाग उडी न घेण्याची. दोर, खाट, रिकामा हंडा, जे तरंगेल ते आत सोडावे. जुन्या बंद विहिरीत किंवा संडासाच्या टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध होऊन पडला, तर मात्र कुणीही आत उतरू नये. आतल्या वायूने तो पडलेला असतो. भाऊ वाचवायला उतरतो, तोही पडतो, मग बाप उतरतो. एका घरातले तीन-तीन पुरुष असे गेल्याच्या बातम्या दर वर्षी कुठून ना कुठून येतात. अशा वेळी वर्दीत 'टाकीत उतरला आणि पडला' हे शब्द आले पाहिजेत, म्हणजे जवान हवेच्या नळकांड्या घेऊन निघतात. विहिरीत अस्वल किंवा बिबट्या पडला तर वनखात्याचा क्रमांक १९२६. ज्ञानगंगेच्या बाजूच्या बायकांना तो लागतो.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण महिला मंडळात नाही बोलायचा तर कुठे? शेजारच्या घरात बाई पेटली, असे कानावर येते. 'स्टोव्ह भडकला' म्हणतात, 'गॅस उडाला' म्हणतात. खरे काय ते देव जाणे. शेजारणी दाराआड उभ्या राहतात, कारण फोन केला तर त्या घराशी वैर येईल, साक्षीला जावे लागेल. मी तुम्हांला एवढेच सांगते, की फोन उचलणारी मुलगी 'कुणी पेटवले' असे विचारत नाही. ती विचारते, कुठे, श्वास चालू आहे का, आग विझली का, पाणी ओतले का. तेवढेच सांगायचे. बाकीचे ज्यांचे काम ते पाहतील. बाई भाजलेली असताना अर्धा तास घरातल्यांनी आपापसांत काय ते ठरवण्यात घालवला, तर त्या अर्ध्या तासाची भरपाई कुठलाही डॉक्टर करू शकत नाही. आणि पेटण्याच्या आधीच धमकीची वेळ आली असेल, तर त्यालाही ११२ हाच क्रमांक आहे.

फोन नवऱ्याचा आहे, कुलूप लावलेला आहे, म्हणून थांबू नका. फोनला कुलूप असले तरी त्यावर संकटकाळच्या फोनची सोय असते, ती आज घरी जाऊन पाहा. ११२ ला पैसे पडत नाहीत. मुलाने खेळता खेळता चुकून लावला तर घाबरून तोडू नका, 'चुकून लागला' एवढे सांगा. नाहीतर तिकडची मुलगी, बाई संकटात आहे आणि बोलू शकत नाही असे समजून, उलट फोन करत बसते, आणि खऱ्या फोनाची खोटी होते.

मंडळाने माझ्या विनंतीवरून एक कागद छापून घेतला आहे. वर क्रमांक आहेत, खाली जिल्हा बुलढाणा एवढेच छापले आहे. तालुका, गावाचे पूर्ण नाव, वॉर्ड किंवा गट नंबर, खांबाचा क्रमांक, जवळची शाळा, ह्या जागा रिकाम्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांकडून भरून घ्यावा, पण वाचून घेऊन पाठ मात्र स्वतः करावा. कागद चहाच्या टेबलाशी ठेवले आहेत. एका घराला एक. आणि शेजारी म्हातारे जोडपे एकटे राहत असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक न्यावा. आता तुमचे काही प्रश्न असतील तर विचारा.